दिवाळी सेलमध्ये ऑनलाइन खरेदी करताय? पैसे देण्याआधी हे तपासा

दसरा-दिवाळीचे सेल सुरू झाले की मोबाईलवर ऑफर्सचा पाऊस पडतो. बहुतेक घरांत ऑर्डर टाकायचं काम आपल्याकडेच असतं, पण पैसे बऱ्याचदा आई-बाबांच्या खात्यातून जातात. त्यामुळे घाईत दाबलेलं एक बटण सगळ्या घराला महागात पडू शकतं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माझ्या अनुभवाने सांगतो, मोठ्या शॉपिंग साइटची हुबेहूब नक्कल करायला एखादी दुपार पुरते. म्हणून लोगो आणि रंग बघून विश्वास ठेवू नका. एकच प्रश्न विचारा: सुरुवात कोणी केली? तुम्ही स्वतः ॲप उघडलं, की लिंक किंवा कॉल तुमच्याकडे आला? आला असेल तर तो बंद करा आणि तीच ऑफर ॲपमध्ये जाऊन शोधा. खरी असेल तर तिथे दिसेलच.

१. कुलपावर नको, पत्त्यावर लक्ष द्या

ब्राउझरमधलं कुलूप एवढंच सांगतं की तुमची माहिती वाटेत कोणी वाचू शकत नाही. समोरचा प्रामाणिक आहे, असं ते सांगत नाही. त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट मिळतं, अगदी चोरालाही! हा गैरसमज टाळण्यासाठीच क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्ह बदललं.

साइटचं नाव उजवीकडून वाचा. ‘ॲमेझॉन डॉट दिवाळीऑफर डॉट शॉप’ या पत्त्यात खरी साइट ‘दिवाळीऑफर डॉट शॉप’ आहे. पुढे लावलेलं ‘ॲमेझॉन’ कोणीही लावू शकतो. शेवटी ‘डॉट को डॉट इन’ असेल, तर त्याच्या लगेच आधीचा शब्द बघा.

२. यूपीआय पिन म्हणजे पैसे जाणार

रिफंड, कॅशबॅक, बक्षीस, काहीही असो, पैसे मिळवायला पिन लागत नाही आणि क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. कोणी ‘रिफंडसाठी पिन टाका’ म्हणालं की फोन ठेवून द्या.

३. ओटीपीचा मेसेज पूर्ण वाचा

डिलिव्हरीचा ओटीपी वेगळा, बँकेचा वेगळा. मेसेजमध्ये रक्कम किंवा ‘डेबिट’ असा शब्द असेल, तर तो पार्सलचा नाही. पार्सलचा ओटीपीसुद्धा वस्तू हातात आल्यावरच द्या, फोनवर नाही.

४. कुरिअरवाल्याने कोड डायल करायला सांगितला?

‘पत्ता सापडत नाही, *२१* लावून हा नंबर डायल करा’ असा कॉल येतो. हा कॉल फॉरवर्डिंगचा कोड आहे. तो डायल केला की तुमचे कॉल चोराच्या नंबरवर जातात, त्यात ओटीपी सांगणारे कॉलही आले. चुकून डायल झालाच, तर ##००२# डायल करा. सगळं फॉरवर्डिंग बंद होतं.

५. एपीके फाइल नको

व्हॉट्सॲपवर आलेली ‘ऑर्डर ट्रॅकिंग’ किंवा ‘गिफ्ट’ नावाची एपीके इन्स्टॉल करू नका. एसएमएसची परवानगी मिळाली की ते ॲप तुमचे ओटीपी वाचू शकतं. ॲप हवं असेल तर प्ले स्टोअरवरूनच घ्या, आणि तिथेही बनवणाऱ्याचं नाव बघा.

६. इन्स्टाग्रामवरचं नवीन दुकान

‘आधी यूपीआयने पूर्ण पैसे पाठवा’ असं म्हणणाऱ्या अनोळखी पेजपासून लांब राहा. थेट पाठवलेले पैसे परत मिळवणं फार अवघड जातं. कार्डाने पैसे दिले असतील, तर निदान बँकेकडे चार्जबॅक मागता येतो.

पैसे गेलेच तर?

लाजू नका आणि वाट बघू नका. लगेच १९३० वर कॉल करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार पोहोचली, तर ते तिथेच गोठवता येतात. सोबत बँकेला कळवा आणि ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ वर तक्रार नोंदवा. व्यवहार क्रमांक, स्क्रीनशॉट, चॅट, काहीही डिलीट करू नका. फसवणूक नसून वस्तू खराब निघाली किंवा दुकानदार रिफंड देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे: १९१५.

हे दोन्ही नंबर आत्ताच सेव्ह करा, आणि आई-बाबांच्या फोनमध्येही करून द्या. पुढचा कॉल कदाचित त्यांना येईल.