पाठमोऱ्या सीटची कुळकथा
मोटारीतल्या मुलांच्या सीटचा जन्म सुरक्षिततेपोटी झालेला नाही. १९३०च्या दशकात अमेरिकेत अशा सीट विकायला आल्या, तेव्हा मुलानं चालत्या गाडीत धडपड करू नये आणि उंचावर बसून त्याला बाहेरचं दिसावं, एवढंच त्यांचं काम होतं. पुढच्या सीटच्या पाठीवर दोन आकडे अडकवायचे आणि मूल मधोमध बसवायचं. गाडी धडकली तर आकड्यांचं काय होईल, याचा विचार त्यात नव्हता. मुलाचं तोंड पुढे, कारण मोठी माणसंही पुढेच तोंड करून बसतात. १९६२ साली डेन्व्हरच्या लेनर्ड रिव्हकिन यांनी धातूच्या चौकटीची सीट तयार केली आणि अपघाताचा विचार रचनेत आला, पण तोंड पुढेच राहिलं. दिशा बदलली ती पुढे स्वीडनमध्ये, आणि ती का बदलली हे नजरेआड झाल्यामुळेच आज पाठमोरी घ्यावी की दाराकडे फिरणारी, या प्रश्नात आईवडील अडकतात, असं मला वाटतं.

बर्टिल आल्डमन हे पेशानं डॉक्टर, पुढे गॉथेनबर्गच्या चाल्मर्स विद्यापीठात प्राध्यापक. जेमिनी यानातल्या अंतराळवीरांच्या आसनांविषयीचा एक कार्यक्रम त्यांनी टीव्हीवर पाहिला. उड्डाणाचा प्रचंड रेटा सोसण्यासाठी अंतराळवीर अंगाबरहुकूम घडवलेल्या आसनात पाठीवर पडून असतात. रेटा कुठल्या एका पट्ट्यावर न येता डोक्यापासून कमरेपर्यंत पसरतो. रस्त्यावरच्या भीषण धडका बहुतेक समोरून होतात, तेव्हा मुलाची पाठ गाडीच्या पुढच्या बाजूला केली तर हाच लाभ त्याला मिळेल, हे आल्डमन यांनी ताडलं. १९६४ साली त्यांच्या नमुन्याची चाचणी व्होल्वोच्या पीव्ही ५४४ गाडीत झाली. १९६७ साली व्होल्वोनं चालकाशेजारची सीटच उलटी फिरवून तिला मुलासाठी गादीची पाठ आणि पट्टे जोडण्याची सोय विकायला काढली. याच कंपनीच्या नील्स बोलिन यांनी १९५९ साली तीन टोकांचा सीटबेल्ट दिला होता, पण तो मोठ्यांच्या छातीच्या आणि कमरेच्या हाडांच्या भरवशावर बेतलेला. तान्ह्याकडे तशी हाडं नसतात.

मुद्दा मानेचा आहे, आणि तो आकड्यांत मांडल्याशिवाय नीट उमगत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगानं जाणारी गाडी एक दशांश सेकंदात थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सरासरी चौदा पट जोर येतो. वर्षाच्या मुलाचं डोकं दोन-सव्वादोन किलोंचं, शरीराच्या मानानं फार मोठं. तोंड पुढे असेल तर पट्टे खांदे धरून ठेवतात, डोकं मात्र पुढे जात राहतं आणि सुमारे तीस किलोंची ओढ मानेवर येते. त्या मानेतले मणके अजून काही अंशी कूर्चेचे, एकमेकांशी पुरते न जुळलेले असतात. पाठमोऱ्या सीटमध्ये डोकं, मान आणि पाठ एकाच वेळी सीटच्या कवचात दाबली जातात, त्यामुळे मान फारशी ताणली जात नाही. याच हिशेबानं मांडीवरच्या दहा किलोंच्या मुलाला धरून ठेवायला १४० किलोंचा जोर लागेल. आपल्याकडे पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर बाळ, हे दृश्य रोजचं आहे, म्हणून हा आकडा मुद्दाम सांगितला.

यावर पुराव्याचा आक्षेप घेतला जातो, आणि तो रास्त आहे. अमेरिकी अपघातांच्या नोंदींवरून २००७ साली एक अभ्यास छापून आला. दोन वर्षांखालची मुलं पाठमोरी असताना कितीतरी अधिक सुरक्षित असतात, असा त्याचा निष्कर्ष होता. २०११ साली तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं दोन वर्षांपर्यंत पाठमोरं बसवा असं सांगितलं, तेव्हा या अभ्यासाचा आधार होता. पुढे त्या विश्लेषणात चूक निघाली आणि २०१८ साली शोधनिबंध मागे घेण्यात आला. नव्यानं मांडणी केली, तेव्हा जखमी मुलांची संख्याच इतकी थोडी होती की संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम काही म्हणता येईना. एवढ्यावरून पाठमोरेपणा फोल ठरवणं चूक आहे. एक अभ्यास पडला, मानेचं गणित पडलेलं नाही. स्वीडनच्या 'प्लस' चाचणीत मानेवरचा ताण मोजून त्याला मर्यादा घातली आहे, आणि पुढे तोंड असलेली सीट त्यात टिकत नाही. तिथे मुलं चार वर्षांची होईपर्यंत पाठमोरी बसतात. अमेरिकी संघटनेनंही २०१८ मध्ये वयाची अट काढली आणि सीटच्या उंची-वजनाच्या मर्यादेपर्यंत पाठमोरं ठेवा, असं सांगितलं.

पाय दुमडतात, मूल अवघडतं, ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. मुलं मांडी घालून, पाय वर करून मजेत बसतात. पुढे तोंड असलेल्या मुलाचे पाय उलट धडकेत पुढच्या सीटवर आदळतात. मागून धडक बसली तर? तेव्हा पाठमोऱ्या मुलाची स्थिती उलटी होते हे खरं, पण मागून बसणाऱ्या धडकेत दोन्ही गाड्या बहुधा एकाच दिशेला जात असतात, म्हणून तिचा जोर सहसा कमी असतो.

फिरणारी सीट या कुळात उशिरा आली. २०१३ साली युरोपात आर-१२९ म्हणजे 'आय-साइझ' नियम लागू झाला आणि पंधरा महिन्यांपर्यंत पाठमोरं बसवणं त्यानं बंधनकारक केलं. ही रेघ तडजोडीची आहे. सोळाव्या महिन्यात मान काही एकदम बळकट होत नाही. दोन्ही दिशांना चालणारी, दाराकडे वळणारी सीट याच काळात बाजारात फोफावली. तिचा फायदा पालकांच्या कमरेला होतो, आणि मी तो क्षुल्लक मानत नाही. मूल दाराकडे तोंड करून समोर असलं की दोन्ही हातांनी पट्टे सरळ करून, खांद्यावर चिमटीत पकडता येणार नाहीत इतके आवळता येतात; पाठीला रग लागली असताना वाकून बसवलेले पट्टे सैल राहतात.

पण तिच्या वजनाकडे लक्ष द्यायला हवं. गाडीतच बसवलेल्या आयसोफिक्सच्या कड्यांवर बसणाऱ्या सीटसाठी आर-१२९ नियमात सीट आणि मूल मिळून ३३ किलोंची मर्यादा आहे. फिरण्याच्या यंत्रणेमुळे सीट पंधरा किलोंच्या घरात गेली, तर मुलाच्या वाट्याला अठराच उरतात. गाडीच्या पट्ट्यानं आणि जादा दोरांनी बांधायच्या, न फिरणाऱ्या स्वीडिश धाटणीच्या कित्येक सीट पंचवीस किलोंपर्यंत पाठमोऱ्या चालतात. आपल्या मोटार वाहन कायद्याचं २०१९ मध्ये आलेलं कलम १९४-ब चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची सीट नसेल तर हजार रुपये दंड सांगतं, दिशेविषयी काही बोलत नाही; म्हणजे तो निर्णय घरीच घ्यायचा आहे. सीट वळते का, हे दुकानात कुणीही हौसेनं फिरवून दाखवेल. तिच्या लेबलवर पाठमोऱ्या वापराची कमाल उंची आणि वजन छापलेलं असतं. ते आधी वाचावं, आणि दोन सीटमध्ये निवड करायची झाली तर जिचे ते आकडे मोठे असतील ती घ्यावी, मग ती फिरो वा न फिरो.