फुरशावरची लस आणि आतड्याचं इंजेक्शन

अँटिबॉडी हा शब्द आपल्या घराघरात करोनामुळे पोचला. पण अँटिबॉडीचं औषध रत्नागिरी जिल्ह्यात त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. फुरसं चावलं की सरकारी दवाखान्यात जी 'लस' टोचतात ती खरं म्हणजे लस नसतेच, घोड्याच्या रक्तातून काढलेली तयार अँटिबॉडी असते. याच जातीची औषधं आता आतड्याच्या एका हट्टी आजारावर वापरतात. त्या औषधांच्या शर्यतीत मुंबईची एक कंपनीही बरीच पुढे गेली होती. ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही, म्हणून लिहितोय. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

आधी आजार कोणता ते सांगतो. आपल्याकडे पोट बिघडून रक्त पडायला लागलं की "आव पडतेय" म्हणतात. मग कुड्याची साल उगाळून घ्यायची, नाहीतर कुटजारिष्ट, नाहीतर मेडिकलमधून गोळ्यांचं पाकीट. अमिबाची आव असेल तर यातल्या कशाने तरी उतार पडतोही. पण काहींना महिनोन्‌महिने रक्त जात राहतं, वजन उतरतं, अंगात कसर राहते. तिथे जंतू नसतो, आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उठलेली असते. याचे दोन मुख्य प्रकार: मोठ्या आतड्यापुरता राहणारा अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होणारा क्रोहन्स. बहुतेकदा तो ऐन तारुण्यात सुरू होतो, कॉलेजच्या किंवा नोकरी-लग्नाच्या वयात. दिवसातून आठ-दहा वेळा संडासला पळावं लागतं, हे पोरगं घरी सांगत नाही, आणि पोरगी तर मुळीच नाही. हा साहेबलोकांचा आजार असा समज बरीच वर्षं होता. पंजाबात घरोघर जाऊन केलेली पाहणी २००३ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात लाखामागे ४४ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस निघाला. पंजाबचा दर कोकणाला तसाच लागू होईल असं नाही. पण अंदाजापुरता लावला, तर १६ लाखांच्या आपल्या जिल्ह्यात सातशेच्या आसपास माणसं होतात.

आता मागे जाऊ. फुरसं हा आपल्या कातळावरचा खास साप. इंग्रज सरकार तो मारायला इनाम देई. डिसेंबर १८६२ मध्ये इनाम वाढवलं, तर आठवडाभरात लाखाहून जास्त फुरशी मारून आणल्याची नोंद आहे. तेव्हा दुसरा उपायच नव्हता. माणूस चावल्यावर वाचवता येत नाही, तर साप मारा, एवढाच सरळ हिशेब.

उपाय निघाला तो १८९० नंतर. बर्लिनमध्ये बेहरिंग आणि किटासाटो यांनी दाखवलं की विष थोडं थोडं टोचून जनावराच्या रक्तात उतारा तयार करता येतो आणि तो दुसऱ्याच्या अंगात घालता येतो. त्याच वाटेने फ्रान्सच्या काल्मेटने १८९५ च्या सुमारास नागाच्या विषावरचं सीरम केलं. आपल्याकडे हे काम कसौलीला आणि पुढे परळच्या हाफकिनमध्ये झालं. प्लेगची लस १८९७ साली स्वतःच्या अंगावर टोचून पाहणाऱ्या हाफकिन यांची ती संस्था. घोड्यांना नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांचं विष वाढत्या मात्रेत टोचायचं, त्यांचं रक्त काढायचं आणि त्यातली अँटिबॉडी वेगळी करायची. विंचवावरचं सीरमही हाफकिनने केलं. शेजारच्या महाडमध्ये डॉ. हिंमतराव बावस्करांनी ते प्राझोसिनच्या गोळीसोबत देऊन पाहिलं. नुसत्या गोळीपेक्षा रुग्ण लवकर सावरतात, हा त्यांचा निष्कर्ष २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. कोकणातल्या खाजगी दवाखान्यातून असं संशोधन होऊ शकतं हे लक्षात असू द्या, पुढे उपयोगी पडेल.

या सगळ्यात नफ्याचा प्रश्न फारसा नव्हता. संस्था सरकारी, घोडे सरकारी आणि औषध सरकारी दवाखान्यात. अधूनमधून तुटवडा व्हायचा आणि होतोही, पण शेतकऱ्याने पायावर फुरसं घेऊन दवाखान्यात आल्यावर किंमत विचारायची वेळ येत नाही.

घोड्याच्या सीरममध्ये एक अडचण असते. त्यात हजार तऱ्हेच्या अँटिबॉडी एकत्र असतात आणि माणसाच्या शरीराला घोड्याचं प्रथिन परकं वाटतं. साप चावल्यावर एकदाच घ्यायचं असेल तर ते चालून जातं. जन्मभराच्या आजाराला दर दोन महिन्यांनी कसं देणार? वाट सापडली १९७५ मध्ये केंब्रिजला. कोहलर आणि मिलस्टाइन यांनी एकच एक अँटिबॉडी हवी तितकी बनवणारी पेशी तयार केली. या पद्धतीचं पेटंट घेतलंच गेलं नाही. ब्रिटनमध्ये त्यावरून पुढे बरीच हळहळ झाली. बाकी जगाचं मात्र भलं झालं.

आतड्याच्या सुजेमागे टीएनएफ नावाचं एक प्रथिन मोठा हात दाखवतं. न्यूयॉर्कमध्ये यान व्हिल्चेक यांच्या प्रयोगशाळेत त्यावरची उंदराची अँटिबॉडी तयार झाली. हे गृहस्थ १९६४ साली कम्युनिस्ट चेकोस्लोव्हाकियातून निसटून आलेले. सेंटोकोर कंपनीबरोबर त्या अँटिबॉडीचा तीन चतुर्थांश भाग माणसाचा केला गेला. १९९३ च्या सुमारास ॲमस्टरडॅममध्ये क्रोहन्सने खंगलेल्या एका लहान मुलीला ती दिली आणि मुलगी सुधारली. १९९८ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. हेच इन्फ्लिक्सिमॅब.

पण टीएनएफ शरीरात उगाच नसतं. क्षयाचे जंतू फुप्फुसात गाठींमध्ये कोंडून ठेवायचं काम तेच करतं. ते बंद पाडलं की झोपलेला टीबी उठतो. २००१ साली अशा ७० रुग्णांची नोंद जाहीर झाली. त्यातले बहुतेक टीबी कमी असलेल्या देशांतले, तिथे ही गत. आपल्याकडे तर आतड्याचा टीबी आणि क्रोहन्स हे दुर्बिणीतूनही भावंडांसारखे दिसतात. टीबी समजून महिनोन्‌महिने क्रोहन्सला टीबीच्या गोळ्या दिल्या जातात. आणि उलट झालं, टीबीलाच क्रोहन्स समजून हे इंजेक्शन दिलं, तर जिवावर बेततं. त्यामुळे इंजेक्शनच्या आधी टीबीची तपासणी झाल्याशिवाय कुणी घाई करत असेल तर सरळ प्रश्न विचारा.

आता मुंबईची कंपनी. ग्रेसियस सल्ढाणा यांनी १९७७ मध्ये कंपनी काढली आणि ग्लेन आणि मार्क या मुलांची नावं जोडून तिला ग्लेनमार्क नाव दिलं. खाज-गजकर्णावरचं कँडिड आपल्या घरातल्या कपाटातही असेल. सुरुवातीला बाकीच्या भारतीय कंपन्यांसारखाच, दुसऱ्यांनी शोधलेल्या औषधांची स्वस्त आवृत्ती विकायचा धंदा. मुलगा ग्लेन कारभारात आल्यावर नवीन औषध स्वतः शोधायचं वेड शिरलं. मी वेड म्हणतोय ते कौतुकाने. त्या काळात इथे बहुतेकांना ही पैशाची नासाडी वाटत होती.

२००६ मध्ये ग्लेनमार्कने कॅनडाच्या क्रोमॉस कंपनीकडून एका अँटिबॉडीचे हक्क घेतले आणि तिला जीबीआर ५०० नाव दिलं. पुढचं काम स्वित्झर्लंडमध्ये, घड्याळांसाठी प्रसिद्ध असलेल्या ला शो-द-फों गावातल्या केंद्रात. कल्पना टीएनएफपेक्षा वेगळी होती. पांढऱ्या पेशी रक्तातून आतड्याच्या भिंतीत शिरतात आणि तिथे ठाण मांडून बसतात. धरून बसायला त्यांच्या अंगावर आकडे असतात. व्हीएलए-२ हा त्यातला एक आकडा, कोलाजेनला अडकणारा. अँटिबॉडीने तो झाकला तर पेशींना तिथे टिकता येणार नाही, आणि सूज ओसरेल. व्हीएलए-२ वर अशी अँटिबॉडी इतकी पुढे नेणारं तोवर कुणी नव्हतं.

मे २०११ मध्ये फ्रान्सच्या सॅनोफीने ती उचलली. सुरुवातीलाच ५ कोटी डॉलर, म्हणजे तेव्हाचे सव्वादोनशे कोटी रुपये, आणि सगळे टप्पे पार पडले तर एकूण ६१.३ कोटी डॉलरपर्यंत. भारतात विकायचा हक्क ग्लेनमार्कने स्वतःकडे ठेवला. हे कलम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. औषध यशस्वी झालं असतं तर भारतातली किंमत मुंबईत ठरली असती.

तसं झालं नाही. अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णांवर दुसऱ्या टप्प्याची चाचणी झाली, पण गाडी पुढे सरकली नाही. मग सॅनोफीने तीच अँटिबॉडी मल्टिपल स्क्लेरोसिसवर करून पाहिली, तिथेही काम थांबलं. व्हॅटेलिझुमॅब असं नावसुद्धा मिळालेलं औषध बाजारात आलंच नाही. गंमत म्हणजे दुसराच आकडा झाकणारं ताकेदा कंपनीचं व्हेडोलिझुमॅब २०१४ मध्ये अमेरिका-युरोपात मंजूर झालं आणि आज आतड्याच्या आजारात नावाजलेलं आहे. पेशींचा आकडा झाकायचा हा विचार बरोबर होता, आकडा भलता निघाला.

कंपनीचं शिक्षण मात्र वाया गेलं नाही. याच कामातून पुढे वेगळी काढलेली तिची शाखा जुलै २०२५ मध्ये पुन्हा बातमीत आली. बोन मॅरोच्या कर्करोगावरच्या एका अँटिबॉडीसाठी अमेरिकेच्या ॲबव्हीने ७० कोटी डॉलर आगाऊ मोजले. ॲबव्ही म्हणजे आतड्याच्या आजारातलं दुसरं मोठं इंजेक्शन, ॲडॅलिमुमॅब, ज्या कंपनीचं आहे ती.

आतड्याच्या रुग्णापर्यंत प्रत्यक्षात काय पोचलं? नक्कल पोचली, आणि हे मी हिणवून म्हणत नाही. २०१४ च्या अखेरीस अहमदाबादच्या झायडसने ॲडॅलिमुमॅबची जगातली पहिली नक्कल आणली. अमेरिकेत हजार डॉलरला जाणारा डोस इथे दोनशेच्या आसपास. त्याच सुमारास रॅनबॅक्सीने बोस्टनच्या एपिरस कंपनीचं इन्फ्लिक्सिमॅब आणलं. पुढे २०१६ मध्ये एपिरसचं दिवाळंच निघालं. दोनशे डॉलर स्वस्त वाटतात, पण दर दोन आठवड्यांनी एक इंजेक्शन, वर्षाला २६, म्हणजे महिन्याला पंचवीस हजारांच्या वर. नंतर आणखी कंपन्या उतरल्या आणि किमती खाली आल्या. तरी नोकरदाराच्या पगारातूनही हे सहज निघत नाही.

पैशाशिवाय अंतर आहेच. इन्फ्लिक्सिमॅब सलाईनमधून देतात: पहिला डोस, मग दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात, मग दर आठ आठवड्यांनी. बरेच जण त्यासाठी मुंबई किंवा कोल्हापूर गाठतात. दिवसातून दहा वेळा संडासला जाणाऱ्या माणसाने मुंबई-गोवा हायवेवर सात-आठ तास एसटीत काढायचे म्हणजे काय, ते हा हायवे ज्याने पाहिलाय त्याला सांगायला नको. घरी टोचायचं ॲडॅलिमुमॅब त्यातल्या त्यात सोपं, पण ते २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडात कित्येक गावं किती आठवडे अंधारात होती ते आठवा. त्या फ्रिजमध्ये हे इंजेक्शन असतं तर?

रत्नागिरीत २०२३ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. डेरवणला वालावलकर रुग्णालय आणि कॉलेज आहे. कोलोनोस्कोपी, टीबीची तपासणी आणि सलाईन चालू असताना चार तास नजर ठेवणारी एक खुर्ची, एवढ्यावर दर आठ आठवड्यांची मुंबई वाचू शकते. फुरशाच्या लशीसाठी मुंबईला जावं लागत नाही, कारण ती तालुक्यापर्यंत पोचवायची असं कधीतरी कुणीतरी ठरवलं. महाडच्या एका दवाखान्यातून विंचवावरच्या उपचाराची माहिती जगभर गेली, मग इथे सलाईनची खुर्ची मागणं काही जगावेगळं नाही. सरकारी योजनेतून या इंजेक्शनचं काय होतं, हाही प्रश्न कॉलेजच्या अधिष्ठात्यांना आणि जिल्हा शल्यचिकित्सकांना लेखी विचारायला हवा. मी विचारतोय, तुम्हीही विचारा.

जिल्ह्यात कुठे ही इंजेक्शनं देतात, कुठल्या दिवशी, आणि खर्च किती येतो, हे ज्यांना स्वतःच्या अनुभवाने माहीत आहे त्यांनी खाली लिहा. रुग्णाचं नाव मात्र लिहू नका.