कोंकणची आगबोट आणि वाटेवरचीं बेटें

मुंबईहून कोंकणांत जावयाचें तर एके काळीं खरी वाट होती ती समुद्राचीच. डोंगर आणि खाड्या यांनीं जमीन जागोजाग तोडलेली. त्यामुळें चाकरमान्याचें गांव मैलांवर नव्हे, तर बंदरांवर मोजलें जाई. अनेक ठिकाणीं आगबोट दूर पाण्यांत उभी राही आणि उतारू बोचकीं सांवरीत पडावांत उतरून किनाऱ्याला लागत. पावसाळ्यांत दूरचीं बंदरें बंद होत आणि घरच्या ओढीला आश्विनापर्यंत दम धरावा लागे.

या वाटेवरील बेटें म्हणजे समुद्राचे दरवाजेच होत. मुंबईच्या तोंडाशीं असलेल्या खांदेरीवर १६७९ सालीं शिवाजी महाराजांच्या आज्ञेनें तटबंदीस आरंभ झाला, तेव्हां इंग्रजांना तें सहन झालें नाहीं. बेटावर मायनाक भंडारी ठाण मांडून बसला; दौलतखानाचें आरमार त्याच्या साह्यास आलें. इंग्रजांचीं जहाजें मोठीं आणि तोफा भारी. परंतु मराठ्यांच्या हलक्या होड्या उथळ पाण्यांतून आणि काळोखांतून रसद पोंचवीत राहिल्या. १६८० च्या आरंभीं इंग्रजांनीं माघार घेतली. त्याच सुमारास सिद्दीनें शेजारची उंदेरी बळकावली आणि दोन बेटांवर दोन वैरी समोरासमोर उभे राहिले. दक्षिणेस जंजिऱ्यासमोर पद्मदुर्ग उभा आहे तो याच वैरापोटीं. आणि मालवणच्या कुरटे बेटावर १६६४ सालीं सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली तीही समुद्रावरील सत्तेसाठींच.

या वाटेनें सामान्यांकडूनही मोल घेतलें. १७ जुलै १९४७ रोजीं, आषाढ अमावास्येच्या सुमारास, ‘रामदास’ ही आगबोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. वाटेंत वादळी लाटांनीं ती कलंडली. घाबरलेले उतारू एका बाजूस धांवले आणि काशाच्या खडकाजवळ बोट बुडाली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतें. हांक मारावी तरी ती ऐकणार कोण? सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. कित्येक घरांत त्या दिवशीं मांडलेलीं पानें तशींच राहिलीं.

त्या जुन्या आगबोटी आतां इतिहासजमा झाल्या. १९९८ सालीं कोंकण रेल्वे पूर्ण झाली; २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्यास मोटारींसह बोट जाते. खांदेरीचा दीपही १८६७ पासून नाविकांस वाट दाखवीत आला आहे. बेट राखणाऱ्या वीरांचीं नांवें बखरींनीं जपलीं. बोचकें घेऊन घरीं निघालेल्या त्या उतारूंचें स्मरण राखणें मात्र या किनाऱ्याकडेच राहिलें.