पक्ष एक, मत दुसऱ्याला

कोपरगावला पक्षबदल नवा नाही. तेव्हाच्या कोपरगाव लोकसभा मतदारसंघातून बाळासाहेब विखे पाटील १९९९ साली शिवसेनेकडून निवडून आले, २००४ साली काँग्रेसकडून. २००७ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक मात्र वेगळी. शिवसेना भाजपच्या आघाडीत. आघाडीचा पाठिंबा भैरोसिंह शेखावतांना. तरी शिवसेनाप्रमुखांनी काँग्रेसच्या प्रतिभाताई पाटलांना कौल दिला. कारण सांगितलं, मराठी माणूस राष्ट्रपती व्हावा. युती तुटली का? नाही. या निवडणुकीत मतदान गुप्त, व्हिप लागू नाही. सरकारही पडत नाही. पण २०१२ साली सेनेनं प्रणव मुखर्जींनाही पाठिंबा दिला. ते तर बंगाली! म्हणजे अस्मिता खरी, पण मित्रपक्षाला आपलं वजन दाखवण्याची संधीही तितकीच खरी.