सज्ज ‘आर’ची कुळकथा

तुळजापूरच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून एखाद्या अभ्यासकाने धाराशिव जिल्ह्यातील आठही तालुक्यांच्या पावसाचा आलेख संकेतस्थळावर मागवला, तर त्याला किती थांबावे लागेल हे पुष्कळदा आकडेमोडीवर नव्हे, तर पलीकडच्या सर्व्हरवर ‘आर’ ही संख्याशास्त्रीय प्रणाली आधीच चालू आहे की नाही यावर ठरते. आकडेमोड क्षणात उरकते. वेळ खातात ती सुरुवातीला भरावी लागणारी पॅकेजे, म्हणजे तयार फलनांचे संच.

१९९३ साली अमेरिकेतील एनसीएसए केंद्रात आकाराला आलेल्या, संकेतस्थळावरून प्रोग्राम चालवण्याच्या सीजीआय पद्धतीत प्रत्येक मागणीसाठी नवी प्रक्रिया, म्हणजे प्रोग्रामची एक चालती प्रत, सुरू होई आणि उत्तर देऊन संपून जाई. छोट्या प्रोग्रामांना हे परवडत होते, ‘आर’सारख्या जड प्रणालीला मात्र ते भोवले. त्यावरचा उतारा ऑग्सबर्ग विद्यापीठातील सायमन अर्बानेक यांच्या ‘आरसर्व्ह’मध्ये सापडतो, जो त्यांनी २००३ साली व्हिएन्नातील परिषदेत मांडला. त्यात एक पालक प्रक्रिया ‘आर’ आणि लागणारी पॅकेजे भरून ६३११ क्रमांकाच्या पोर्टवर सज्ज राहते आणि कोणी जोडले गेले की ‘फोर्क’ करून, म्हणजे स्वतःचीच प्रत काढून, काम त्या अपत्यावर सोपवते. स्मृतीची पाने दोघांत सामाईक राहतात आणि ज्या पानात बदल होईल तेवढ्याचीच नक्कल होत असल्याने अपत्य जवळजवळ फुकटात मिळते.

खरे श्रेय मात्र संख्याशास्त्रज्ञांचे नाही. फोर्कची कल्पना मेल्विन कॉनवे यांनी १९६३ मध्ये मांडली होती आणि बर्कलीच्या प्रणालीमार्गे ती युनिक्समध्ये आली. विंडोजमध्ये ही सोय नसल्याने तेथे आरसर्व्हला एका वेळी एकच जोडणी सांभाळता येते. या वारशात एक खोडही आहे: पालकाने आधीच यादृच्छिक संख्या काढल्या असतील, तर बीज, म्हणजे क्रम जिथून सुरू होतो ती संख्या, नव्याने न पेरल्यास प्रत्येक अपत्य तोच क्रम पुन्हा काढते, आणि स्वतंत्र वाटणारी नमुना-निवड मुळात एकच निघते.

दुसरा मार्ग निव्वळ काटकसरीचा होता. २००७ साली ‘आर’सोबत आलेल्या ‘आरस्क्रिप्ट’ या आज्ञेतून, ती लवकर सुरू व्हावी म्हणून, ‘मेथड्स’ हे पॅकेज वगळले गेले. परिणामी समोर बसून चालवताना चालणारे काही प्रोग्राम आरस्क्रिप्टमधून अडत, आणि २०१८ च्या ३.५.० आवृत्तीत ही बचत सोडून द्यावी लागली.