जोत्यावरची कचेरी

नगर जिल्ह्यातील एखाद्या जुन्या गावात शिरले, की चावडी, मारुतीचे देऊळ आणि पाटलाचा वाडा या तीन वास्तूंमध्ये एक साम्य चटकन नजरेत भरते, आणि ते म्हणजे त्यांचे उंच जोते. पावसाळ्यात ओढ्याचे पाणी आत येऊ नये, विंचू-सर्पांचे भय कमी व्हावे, हे त्याचे व्यावहारिक कारण. परंतु वर बसणारा आणि खाली उभा राहणारा यांच्यामधील अंतर लोकांच्या डोळ्यांना सदैव दिसत राहावे, हाही उद्देश त्या घडीव दगडांच्या रचनेत होताच. १८१८ साली पेशवाई बुडून या मुलखावर इंग्रजी अंमल बसला, दफ्तरांची भाषा आणि जमाबंदीची पद्धत बदलली. पण तालुक्या-तालुक्यांतून ज्या मामलेदार कचेऱ्या पुढे उभ्या राहिल्या, त्यांनी चिरेबंदी जोत्याची ही रीत मोडली नाही. या वास्तू कोणी बांधल्या, त्यांत कोणी निवाडे केले, याचा वृत्तांत दफ्तरांतून सापडतो. ज्यांना त्या पायऱ्या चढताच आल्या नाहीत, अशा आंधळ्या, पांगळ्या आणि महारोगी माणसांचा इतिहास मात्र तुकड्या-तुकड्यांनी वेचून काढावा लागतो.

त्यांतला एक तुकडा संतवाङ्मयात आहे. ज्या नेवाशात शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, ते याच जिल्ह्यातले. आणि ज्ञानदेवांपासून एकनाथांपर्यंतच्या रचनांत आंधळा, पांगुळ, मुका, बहिरा ही रूपके वारंवार येतात. त्यांचा आशय पारमार्थिक असला, तरी दृश्य रस्त्यावरचे आहे: पहाटेच्या प्रहरी दारोदार फिरणारा, धर्म जागवणारा, आणि उंबऱ्याच्या बाहेरच थांबणारा माणूस.

राजसत्तेने अशा माणसाची दखल घेतली, ती प्रथम रणभूमीच्या निमित्ताने. अफजलखानाच्या स्वारीनंतर शिवाजी महाराजांनी जखमींना जखम पाहून, तिच्या मानाने कमी-अधिक होन दिल्याचे बखरकार सभासदाने नमूद केले आहे. पेशवाईत लढाईत पडलेल्यांच्या कुटुंबांना बालपरवेशीच्या नेमणुका मिळत. जो राज्यासाठी लढला नाही, जन्मतःच अधू होता किंवा देवीच्या साथीत ज्याची दृष्टी गेली, त्याच्या वाट्याला देवस्थानाचे अन्नछत्र आणि सदावर्त आले. जामखेड तालुक्यातील चोंडीस जन्मलेल्या आणि आता जिल्ह्याला ज्यांचे नाव लाभले आहे त्या अहिल्याबाई होळकरांनी ही धर्मादायाची परंपरा भारतभर नेली. सदावर्ताची पंगत जमिनीवर बसे, तिथे जोते आड येत नसे. परंतु दान मिळाले नाही तर दाद मागण्याची सोय त्या व्यवस्थेत कुठेही नव्हती, हे त्या परंपरेविषयी पूर्ण आदर बाळगूनही सांगितलेच पाहिजे.

सरकारने सर्वसामान्य रयतेतील अशक्त माणसाकडे कायद्याच्या दृष्टीने पाहिले, ते दुष्काळामुळे. अवर्षण हे या जिल्ह्याचे जुनेच प्राक्तन. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळात मुंबई इलाख्यात सरकारने मदतीच्या कामांचे दोन वर्ग पाडले: धडधाकट माणसांसाठी बांधकाम खात्याची मोठी कामे, जिथे नेहमीच्या कामाच्या ७५ टक्के काम करून घ्यावयाचे, आणि वृद्ध, दुर्बळ, रोगी यांच्यासाठी मुलकी अंमलदारांच्या देखरेखीखालील हलकी कामे, जिथे ५० टक्क्यांहून अधिक अपेक्षा करावयाची नाही. १८७८ साली सुरू झालेल्या दौंड-मनमाड लोहमार्गाचे मातीकाम त्याच काळात दुष्काळपीडितांच्या हातांनी झाले. आज नगर स्थानकावरून जाणाऱ्या उतारूला, आपण ज्या भरावावरून चाललो आहोत तो भुकेल्या माणसांनी पाटीपाटीने रचला आहे, याची जाणीव क्वचितच होते. आणि त्या भरावाशी एखादा लंगडा शेतकरी उभा राहिला असता, तर त्याची गणना कोणत्या वर्गात करावयाची याचा निर्णय एखाद्या कारकुनाच्या नजरेवर सोडलेला होता, ही जाणीव तर त्याहूनही क्वचित.

१८८० च्या दुष्काळ आयोगाने आणि त्यानंतर सिद्ध झालेल्या दुष्काळ-संहितांनी पुढचे पाऊल टाकले. जे काम करूच शकत नाहीत, म्हणजे अंध, पंगू, वेडे आणि जराजर्जर, त्यांना कामाच्या अटीवाचून, गावातच मदत द्यावी असे ठरले. आणि अशा माणसांची यादी गावकामगारांनी करावी, वरिष्ठ अंमलदारांनी गावोगाव फिरून ती तपासावी, अशी पद्धत पडली. माझ्या मते आपल्याकडील स्थानिक कारभाराचा आणि अपंगांचा खरा संबंध या यादीपासून सुरू होतो. तिने उपाशी माणसाच्या तोंडी घास घातला, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. मात्र नाव घालणारा एक आणि ज्याचे नाव तो दुसरा, ही तिची घडण पुढे फारशी बदलली नाही.

दया आणि दुरावा ही एकाच राजवटीची दोन अंगे होती. १८९८ च्या महारोग्यांविषयीच्या कायद्याने निराधार महारोग्याला पकडून आश्रमात ठेवण्याचा अधिकार दिला, आणि सरकारने हुकूम काढलेल्या क्षेत्रात त्याने सार्वजनिक विहिरीवर किंवा तळ्यावर पाणी भरू नये, स्नान करू नये, भाड्याच्या वाहनात बसू नये, असे निर्बंध घालण्याची तरतूद केली. नगरपालिका ज्या पाण्याची व्यवस्था गावासाठी करते, त्याच पाण्यापासून गावच्या माणसाला तोडण्याची ही सनद होती. आणि ती कायद्याच्या पुस्तकातून पुसली जाण्यास २०१६ साल उजाडावे लागले. हा कायदा अमलात असतानाच तेव्हाच्या कोपरगाव तालुक्यातील शिर्डीत एका पडक्या मशिदीत निराळा व्यवहार चालू होता. १९१० च्या दिवाळीत साईबाबांचा हात धुनीत भाजला, तेव्हा त्या हाताला तूप लावून पट्टी बांधण्याचे काम भागोजी शिंदे या महारोगी भक्ताकडे आले आणि ते पुढेही नित्य त्यांच्याकडेच राहिले. ज्याला विहिरीवरून दूर सारण्याची मुभा सरकारला होती, त्याला गावातल्या सर्वांत गजबजलेल्या जागी, सर्वांच्या देखत, सेवेचा पहिला मान होता. माणसे एकत्र जमण्याची जागा सर्वांसाठी खुली असणे म्हणजे काय, याचे याहून बोलके उदाहरण मला या जिल्ह्याच्या इतिहासात आढळत नाही.

सरकारी गणना मात्र चालू होती. १८७२ पासून १९३१ पर्यंतच्या शिरगणतीत वेडे, मूकबधिर, अंध आणि महारोगी असे रकाने असत. १९४१ पासून ते वगळले गेले. याचा परिणाम असा झाला, की ज्या दशकांत प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखानदारी उभी राहिली, १९६२ साली जिल्हा परिषद स्थापन झाली, गावोगाव शाळा, दवाखाने आणि पंचायतींच्या इमारती बांधल्या गेल्या, नेमक्या त्याच दशकांत या इमारतींत येऊ न शकणारे लोक किती, हे शिरगणतीने विचारलेच नाही. १९८१ मध्ये प्रश्न परतला, १९९१ मध्ये पुन्हा गळला, आणि २००१ पासून स्थिरावला. जी माणसे मोजलीच गेली नाहीत त्यांच्यासाठी नकाशावर जागा कोण काढणार? नव्या स्वराज्याच्या वास्तू जुन्याच जोत्यावर चढल्या, याचे एक मोठे कारण मला या कोऱ्या रकान्यांत दिसते.

१९८० साली राज्यात संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली आणि अपंग माणूस तहसील कचेरीचा नित्याचा अर्जदार झाला. अर्जासोबत दाखला हवा, दाखल्यासाठी तपासणी हवी, आणि तपासणीसाठी बहुधा जिल्हा रुग्णालय गाठावयास हवे. क्षेत्रफळाने हा राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा, सुमारे १७,००० चौरस किलोमीटरांचा आणि १४ तालुक्यांचा. अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातील माणसाला नगर शंभराहून अधिक किलोमीटर पडते. चालता येत नाही याचा दाखला मिळवण्यासाठी एवढी मजल, एसटीच्या उंच पायऱ्या आणि सोबत येणाऱ्या नातेवाइकाची बुडालेली मजुरी, हे सारे त्या अनुदानाच्या हिशेबात कधी धरले गेले नाही.

अपंगांविषयीच्या १९९५ च्या कायद्याने हक्काची भाषा आणली. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आणि अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यास नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांची मुदत घातली. नियम २०१७ च्या जूनमध्ये आले, मुदत २०२२ च्या जूनमध्ये सरली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला असा निर्णय द्यावा लागला, की सुगमतेची मानके केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणे हे कायद्याशी विसंगत आहे आणि ती बंधनकारक केली पाहिजेत.

तरीही बदल झालाच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल, आणि तो प्रथम झाला तो कचेरीत नव्हे, शाळेत. सर्व शिक्षा अभियानाच्या काळात जिल्हा परिषदेच्या शाळांना रॅम्प आले. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने मतदान केंद्रांवर रॅम्पची सोय करण्याचे आदेश दिले. गावात मतदान बहुधा शाळेतच होत असल्याने मूल आणि मतदार या दोघांचीही सोय एकाच उतारावर झाली. १३ मे २०२४ रोजी जिल्ह्यात लोकसभेचे मतदान झाले, तेव्हा ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मतदारांना घरूनच मत देण्याची मुभा होती. मतपेटी माणसाच्या दाराशी जाऊ शकते, हे यातून सिद्ध झाले. मग दाखला, शिधापत्रिकेची दुरुस्ती किंवा वारसाची नोंद त्याच वाटेने का जाऊ नये, हा प्रश्न महसूल खात्याला विचारण्याचा अधिकार आता प्रत्येकाला आहे.

उरते ती ग्रामपंचायत. तिने स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम अपंगांच्या कल्याणासाठी खर्च करावी असा नियम आहे. ज्या पंचायतीची घरपट्टी-पाणीपट्टी मिळून वर्षाकाठी चार लाख रुपये होते, तिच्याजवळ या मार्गाने वीस हजार जमतील. चाकांच्या खुर्चीला झेपेल असा उतार एकास बारा या प्रमाणाचा असावा लागतो, म्हणजे दोन फूट जोत्याला चोवीस फूट लांबीचा पक्का रॅम्प, वर दोन्ही बाजूंना कठडा. ही रक्कम पुरणार नाही, हे उघड आहे. आणि ती थोडी म्हणूनच बहुधा वाटून टाकण्याकडे कल होतो, यात मला कोणाचा दोष दिसत नाही. परंतु इमारतीचा दोष दूर करण्याचा खर्च अपंगांच्या कल्याणाच्या रकमेतून का व्हावा? चावडीच्या छताची गळती आपण कोणा एका गावकऱ्याच्या नावे खर्ची टाकत नाही. जोते पंचायतीचे आहे, तेव्हा रॅम्पही तिच्या बांधकामाच्या खात्यातच पडला पाहिजे, आणि ते पाच टक्के ज्यांचे आहेत त्यांनी ग्रामसभेत येऊन, आपल्या तोंडाने सांगून, त्यांचा विनियोग ठरवला पाहिजे. तोपर्यंत ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरवायला कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.