अंगावर पांढरं जाणं आणि पोस्टाने फिरलेल्या बरण्या



आजचा विषय आपण बायका-बायकांतही आवाज खाली करूनच काढतो. गरोदर बाईला खाली खाज सुटते, लघवीला जळजळते, दही फुटल्यासारखं घट्ट पांढरं अंगावरून जातं. मोठ्या बायका 'उष्णता झाली' म्हणतात, धन्या-जिऱ्याचं पाणी आणि सब्जा देतात, आणि विषय तिथेच मिटतो. डॉक्टर त्याला यीस्ट इन्फेक्शन म्हणतात. यीस्ट म्हणजे बुरशीचाच एक प्रकार. पावसाळ्यात पापडाच्या डब्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवणाऱ्या आपल्याला बुरशी काही नवी नाही. पण ती आपल्याच शरीरात वाढते हे कुणी सांगितलेलं नसतं.

कॅन्डिडा हे तिचं नाव. पुष्कळ निरोगी बायकांच्या अंगात ती थोड्या प्रमाणात असतेच. दिवस गेले की इस्ट्रोजेन वाढतं, योनीमार्गाच्या पेशींत ग्लायकोजेन म्हणजे साखरेचा साठा वाढतो, आणि बुरशीला आयता शिधा मिळतो. त्यात बाईच्या स्वच्छतेचा किंवा चारित्र्याचा काही संबंध नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या भीतीपायी कितीतरी जणी गप्प बसतात.

एवढं कळायलाही जगाला फार वेळ लागला. तान्ह्या बाळाच्या तोंडातले पांढरे चट्टे ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसच्या काळापासून माहीत होते. ते बुरशीमुळे होतात हे 1840 च्या दशकात स्वीडनच्या बर्ग नावाच्या डॉक्टरांनी दाखवलं. 1849 साली इंग्लंडात विल्किन्सन यांनी बायकांच्या योनीमार्गातल्या बुरशीचं वर्णन छापलं. बाळाच्या तोंडातली आणि आईच्या अंगातली बुरशी एकच, हे 1875 मध्ये जर्मनीच्या हाउसमन यांनी सिद्ध केलं. कसं, तर एका गरोदर बाईच्या अंगावरचा स्राव घेऊन दुसऱ्या निरोगी गरोदर बाईला लावला, आणि तिलाही तोच त्रास सुरू झाला. वाचताना माझ्या अंगावर काटा आला. त्या दुसरीला कुणी विचारलं होतं का?

या बुरशीला कॅन्डिडा हे नाव दिलं ते मात्र एका बाईने. 1923 साली हॉलंडमध्ये क्रिस्टिन बेर्कहाउट यांनी डॉक्टरेटच्या प्रबंधात ते मांडलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ पांढरी. आपल्या बायका 'पांढरं जातं' म्हणतात, त्याहून वेगळं काय आहे?

नाव मिळालं, तरी औषध कुठे होतं? जेन्शियन व्हायोलेट लावत. माझ्या वयाच्या बायकांना ते जांभळं औषध आठवत असेल, दवाखान्यात बाळाच्या तोंडात बोळ्याने लावायचे ते. गुण यायचा, पण कपडे, चादरी, सगळं जांभळं. गरोदर बाईने ते लावून घरात कसं वावरायचं? दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराला पेनिसिलिनसारखी औषधं आली, पण ती जंतूंवर चालतात, बुरशीवर नाही. उलट त्यांनी शरीरातले चांगले जंतूही मरतात आणि बुरशीला रान मोकळं मिळतं.

इथे आपल्या गोष्टीतल्या दोन बायका येतात. एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन. दोघी न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्याच्या नोकरीत. हेझन न्यूयॉर्क शहरात बुरशीच्या जाणकार, ब्राउन दोन-अडीचशे किलोमीटरवरच्या ऑल्बनी गावात रसायनशास्त्रज्ञ. हेझन जागोजागची माती गोळा करून त्यातले सूक्ष्म जीव वाढवायच्या आणि बुरशीला मारणारं काही सापडतं का ते बघायच्या. सापडलं की ते काचेच्या बरणीत भरून पोस्टाने ऑल्बनीला. ब्राउन त्यातून नेमका कामाचा पदार्थ वेगळा काढायच्या आणि तपासायला परत पोस्टाने न्यूयॉर्कला. लोणच्याच्या बरण्या माहेराहून सासरी याव्यात तशी ही ये-जा. बहुतेक पदार्थ बुरशीला मारायचे, पण प्रयोगातल्या प्राण्यांनाही घातक ठरायचे. मग सगळं पहिल्यापासून.

1948 मध्ये हेझन यांनी व्हर्जिनियात नोर्स नावाच्या स्नेह्यांच्या गोठ्याच्या शेतावरची माती आणली, आणि त्या मातीत हवं ते सापडलं. त्या जीवाला नोर्स कुटुंबाचं नाव मिळालं आणि औषधाला राज्याचं. न्यूयॉर्क स्टेट म्हणून निस्टॅटिन. 1950 मध्ये शोध जाहीर झाला, तेव्हा हेझनबाई साठी ओलांडलेल्या होत्या. माझ्याच वयाच्या म्हणा ना!

निस्टॅटिन आतड्यातून किंवा त्वचेतून रक्तात फारसं शिरतच नाही, जिथे लावाल तिथेच काम करतं. गरोदर बाईसाठी याहून मोलाचं काय? 1954 पासून ते बाजारात मिळू लागलं. पुढे 1966 च्या पुरात इटलीतल्या फ्लॉरेन्सची जुनी चित्रं भिजली, तेव्हा त्यांच्यावरच्या बुरशीलाही हेच औषध वापरलं.

आता मी कॉमर्सची, त्यामुळे हिशेबाकडे माझं लक्ष जाणारच. पेटंटच्या मुदतीत रॉयल्टी जमली सुमारे 1 कोटी 30 लाख डॉलर. दोघींनी त्यातलं स्वतःसाठी काही घेतलं नाही. सगळा पैसा संशोधनाच्या कामाला दिला, निम्मा रिसर्च कॉर्पोरेशनला आणि निम्मा आपल्या दोघींच्या नावच्या निधीला. पगारावर जगल्या. ब्राउन यांचे वडील घर सोडून गेले होते, आणि त्यांचं कॉलेजचं शिक्षण आजीच्या एका श्रीमंत मैत्रिणीने केलं होतं. ते देणं त्यांनी किती मोठं करून फेडलं! परिग्रह-परिमाणाचं व्रत घेऊन मनात आकडा वाढवत बसणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा जमाखर्च एकदा बघावाच.

पुढे क्लोट्रिमाझोलसारखी आणखी औषधं आली. आज गरोदरपणात डॉक्टर बहुधा त्या जातीचं मलम किंवा योनीत ठेवायची गोळी सात रात्री देतात. पोटात घ्यायची फ्लुकोनाझोलची गोळी मात्र दुकानातून परस्पर आणू नये. 2016 मध्ये डेन्मार्कच्या मोठ्या अभ्यासात ती घेतलेल्या गरोदर बायकांत गर्भपाताचं प्रमाण जास्त दिसलं होतं. 'मागच्या वेळी जावेला हिनेच गुण आला' हे कारण इथे चालत नाही. त्रास पुन्हा पुन्हा होत असेल तर रक्तातली साखरही तपासून घ्यायला हवी. आणि बाळंतपणात ही बुरशी कधी बाळाच्या तोंडात जाते, म्हणून चट्टे दिसले की बाळाच्या डॉक्टरांनाही दाखवावं.

घरात कुणाला दिवस गेले असतील तर तिला आपण होऊन विचारा, ती सांगणार नाही. आणि डॉक्टरीणबाईंसमोर 'उष्णता झाली' एवढं म्हणून थांबू नये. खाज आहे, पांढरं जातं, ते दह्यासारखं घट्ट आहे आणि मला दिवस गेलेत, एवढं बोललं की पुढचं त्या विचारतात.